कागदावर होते, माणसांपर्यंत पोहोचले नाही : ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाची हकिगत

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या आठवड्यात देशभरातली अग्निशमन दले अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शाळांमधून, दवाखान्यांमधून प्रात्यक्षिके होतात, आग विझवायचे लाल नळकांडे कसे वापरायचे ते दाखवतात, छातीवर छोटा कागदी झेंडा लावून देणगी मागतात. हा सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, असे विचारले तर फार थोड्यांना उत्तर देता येते. त्याचे उत्तर एका जहाजात आहे. ते जहाज १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते आणि त्याचे नाव होते ‘एस. एस. फोर्ट स्टिकिन’.

आरोग्याच्या लेखमालेत जहाज कशाला, असे वाटेल. पण या जहाजाची हकिगत वाचताना मला डॉक्टर म्हणून एक गोष्ट सतत जाणवत राहते. संकट येते तेव्हा पुष्कळदा त्याची माहिती कुठेतरी असते. ती योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचत नाही, आणि त्यामुळे माणसे दगावतात. हे गोदीत घडते, तसेच आमच्या तपासणीच्या खोलीतही घडते. म्हणून आज आधी जहाजाची गोष्ट सांगतो, मग तिचा आपल्याशी असलेला संबंध.

युद्धासाठी बांधलेले जहाज

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे इतक्या झपाट्याने बुडवत होत्या, की नवी जहाजे तितक्याच झपाट्याने बांधणे भाग होते. ब्रिटनच्या गोद्या अपुऱ्या पडल्या, म्हणून कॅनडात एकाच नमुन्याची जहाजे बांधायला घेतली. कॅनडातल्या जुन्या व्यापारी ठाण्यांची नावे त्यांना दिली गेली आणि प्रत्येक नावाआधी ‘फोर्ट’, म्हणजे किल्ला, हा शब्द आला. अशी एकूण १९८ ‘फोर्ट’ जहाजे झाली.

‘फोर्ट स्टिकिन’ त्यांपैकीच एक. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रुपर्ट येथे ते बांधले गेले आणि १९४२ साली तयार झाले. हडसन्स बे कंपनीच्या एका जुन्या ठाण्यावरून त्याचे नाव ठेवले होते. लांबी साधारण १३४ मीटर, नोंदणीचे वजनमाप ७,१४२ टन. इंजिन वाफेचे, वेग ताशी जेमतेम वीस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडे सायकलवरून जोरात जाणारा माणूस त्याच्याबरोबर राहील. दिसायला साधे, चालायला धिमे, पण पोटात प्रचंड माल घेणारे असे हे जहाज. अशा जहाजांचे काम एकच, पडेल तो माल पडेल त्या बंदरात नेऊन टाकायचा. त्यांच्यावरचे खलाशी सैनिक नव्हते, तरी पाणतीराचा धोका त्यांनाही तेवढाच होता.

युद्ध त्या काळी आपल्यापासूनही लांब नव्हते. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ पासून पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती आणि ती माणसेही समुद्रमार्गेच हिंदुस्थानात उतरली होती. पूर्वेकडे इंफाळ आणि कोहिमाच्या डोंगरांत जपानी फौजा येऊन भिडल्या होत्या. त्या आघाडीवर लागणारा दारूगोळा ब्रिटनहून जहाजांनी येई, आणि मुंबई हे त्यासाठीचे मोठे बंदर होते.

वाटेत भरत गेलेला माल

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले. जिब्राल्टर, पोर्ट सैद करत ते कराचीला आले. त्याच्या पोटात सुमारे १,३९५ टन स्फोटके आणि दारूगोळा होता. त्यांपैकी २३८ टन ‘अ’ वर्गातला, म्हणजे सर्वांत संवेदनशील. त्यात पाणतीर, सुरुंग आणि तोफगोळे होते. शिवाय सुटे भाग करून पेट्यांत भरलेली लढाऊ विमाने होती, आणि ३१ पेट्यांमध्ये सोन्याच्या विटा. एका विटेचे वजन जवळजवळ पावणेतेरा किलो.

कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा चढला. कापसाच्या हजारो गाठी, वंगण तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड. पंजाब आणि सिंधमधला कापूस रेल्वेने मुंबईला आणायला त्या वेळी बंदी होती, म्हणून व्यापाऱ्यांना समुद्राचाच रस्ता उरला होता. जहाजाचा कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ याने अशा मिसळीला हरकत घेतली. दारूगोळ्याच्या शेजारी कापूस आणि तेल ठेवू नये, हे कळायला तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. पण युद्धाच्या घाईत जागा वाया घालवणे कुणाला परवडत नव्हते. त्याची हरकत नोंदवली गेली आणि माल चढला.

जहाजात माल ठेवायचे मोठमोठे कप्पे असतात. त्यांपैकी दोन नंबरच्या कप्प्यात खालच्या बाजूला कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर स्फोटके. पुढे जे घडले ते सगळे या एका मांडणीतून घडले.

गोदीतले दोन दिवस

१२ एप्रिलला जहाज मुंबईत पोहोचले आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा, असा नियम होता. तो बावटा लावलेला नव्हता. स्फोटके सगळ्यांत आधी आणि लवकरात लवकर उतरवायला हवी होती. तेही झाले नाही. ४८ तास उलटले तरी बहुतेक दारूगोळा पोटातच होता.

आता तो धक्का डोळ्यांसमोर आणा. शेजारी इतर जहाजे लागलेली. धक्क्यावर हमाल, कारकून, गाडीवाले. गोदीच्या भिंतीपलीकडे धान्याची गोदामे, मांडवी आणि मस्जिद बंदरचा गजबजलेला बाजार, चाळी आणि झोपड्या. पश्चिम महाराष्ट्रातून पोटासाठी मुंबईला गेलेली कितीतरी माणसे याच भागात ओझी वाहत होती. त्यांच्यापैकी कुणाला कल्पना नव्हती, की हाकेच्या अंतरावर तेराशे टनांहून अधिक दारूगोळा आणि त्याखाली कापूस आहे. लाल बावटा हेच सांगण्यासाठी असतो. त्याला वाचता येण्याची गरज नसते, इंग्रजीची गरज नसते. तो पाहून अडाणी माणूसही म्हणतो, इथे विडी पेटवू नये, इथे रेंगाळू नये.

दुपारी दोन ते चार

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारच्या जेवणाच्या सुटीच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही माणसांना ‘फोर्ट स्टिकिन’मधून धुराची बारीक रेघ दिसली होती. पण कुणी वर्दी दिली नाही. ज्यांचे जहाज आहे ते बघतील, असे प्रत्येकाला वाटले असावे. दोन वाजण्याच्या सुमारास कामगार परतले तेव्हा दोन नंबरच्या कप्प्यातून धूर येत होता.

कापसाची आग फसवी असते. इचलकरंजीत सूत-कापसाच्या धंद्यात असलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. घट्ट दाबलेल्या गाठीत ज्वाळा दिसत नाही, आत निखारा धुमसत राहतो. वरून पाणी मारले तर बाहेरचा थर भिजतो आणि आतला विस्तव तसाच राहतो. अशा आगीला पाण्यापेक्षा कप्पा बंद करून वाफ सोडणे, म्हणजे हवा तोडणे, हा उपाय चांगला. ते केले गेले नाही. पाण्याचे फवारे सुरू झाले. एकूण ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. दाट धुरामुळे आग नेमकी कुठे आहे तेच सापडत नव्हते. हळूहळू जहाजाच्या पत्र्यावरचा रंग फुगून सोलवटू लागला आणि आत भरलेले पाणी उकळू लागले.

पहिली वर्दी गेली ती साध्या आगीची. जहाजात दारूगोळा आहे ही गोष्ट अग्निशमन दलाच्या मुख्यालयापर्यंत सुरुवातीला पोहोचली नाही, त्यामुळे आधी मोजकेच बंब आले. खरी परिस्थिती कळल्यावर आणखी बंब धावले. दारूगोळ्याची जाण असलेला एक लष्करी अधिकारी तिथे आला. मालाची यादी पाहून त्याने सांगितले, की हे जहाज उडाले तर सगळी गोदी जाईल. त्याचा सल्ला होता, जहाज जागेवर बुडवा. पण गोदीत पाण्याची खोली तेवढी नव्हती. ओढून बाहेर समुद्रात न्यावे का, यावरही बोलणे झाले. तिथे कप्तान होता, गोदीचा व्यवस्थापक होता, अग्निशमन दलाचा प्रमुख होता, लष्करी अधिकारी होता. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे. सगळ्यांच्या वतीने एक निर्णय घेऊन तो पाळायला लावेल असा माणूस मात्र त्या दोन तासांत कुणी ठरला नाही.

माहिती आता होती, पण ती फक्त चार-सहा माणसांकडे. आजूबाजूच्या जहाजांना ‘लांब जा’ असे कुणी सांगितले नाही. धक्क्यावरचे लोक धूर बघायला उभे राहिले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. अग्निशमन दलाचे जवान मात्र नळ धरून तिथेच होते.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा, आणखी मोठा स्फोट झाला. पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावलेली माणसे त्यात सापडली. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर हादरे नोंदले गेले आणि सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या शिमल्यातही जमीन हलल्याची नोंद झाली.

शेजारचे ‘जलपद्म’ हे जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले. अकरा जहाजे बुडाली किंवा बुडू लागली. जळत्या कापसाचे गोळे आणि तापलेले लोखंड आकाशातून मांडवीच्या वस्तीवर पडले आणि ठिकठिकाणी आगी लागल्या. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झाले. बंगालच्या दुष्काळाला अजून वर्षही झाले नव्हते. त्यानंतर धान्याचा काळाबाजार वाढला. सोन्याची एक वीट दीडेक किलोमीटरवरच्या एका घरात येऊन पडली, आणि त्या घरच्या पारशी गृहस्थाने ती सरकारात जमा केली. पुढे कित्येक दशके गोदीतला गाळ काढताना विटा सापडत राहिल्या, अगदी २०११ पर्यंत.

आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारा उपसून गोदी पुन्हा चालू करायला आठ हजार माणसे सात महिने राबली. मृतांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो. आठशेच्या आसपासपासून तेराशेपर्यंत. गोदीत रोजावर येणाऱ्या माणसांची नोंद कुणी ठेवत नसे, हे लक्षात घेतले तर हा फरक का पडतो ते समजते. एक आकडा मात्र नेमका आहे. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिलपासून सप्ताह पाळला जातो. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. कप्तान नेस्मिथही स्फोटात गेला.

शहराला बातमी मिळाली नाही

मुंबईकरांना आधी वाटले, जपान्यांनी बॉम्बहल्ला केला. अनेक कुटुंबे मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागली. युद्धकाळातल्या निर्बंधांमुळे वार्ताहरांना सविस्तर बातमी बाहेर पाठवायची परवानगी मिळाली ती थेट मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधीच, १५ एप्रिलला, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ही बातमी जगाला सांगून टाकली होती. म्हणजे शत्रूला कळले होते. ज्यांची घरे जळाली, त्यांना मात्र अफवांवर दिवस काढावे लागले. लपवलेली माहिती घबराट थांबवत नाही, ती वाढवते. साथीच्या काळात हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे.

स्फोटात शरीराचे काय होते

अशा घटनेत जखमींना आम्ही चार गटांत बघतो. हे समजून घ्या, कारण गॅसची टाकी, बॉयलर किंवा फटाक्यांचा साठा फुटला तरी इजा याच चार प्रकारे होतात.

पहिली इजा हवेच्या दाबाच्या लाटेची. शरीराला बाहेरून ओरखडाही दिसत नाही. पण जिथे हवा असते ते अवयव, म्हणजे कान, फुप्फुसे आणि आतडी, या दाबाने फाटू शकतात. कानाचा पडदा सर्वांत आधी जातो. फुप्फुसाला मार बसलेला माणूस सुरुवातीला चालतो, बोलतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो, आणि काही तासांनी त्याला दम लागतो. म्हणून स्फोटाच्या जवळ असलेल्या प्रत्येकाला तपासून घ्यावे. कानात दडा बसला असेल, कानातून रक्त आले असेल, छातीत दुखत असेल किंवा पोट दुखत असेल तर घरी थांबू नये.

दुसरी इजा उडालेल्या तुकड्यांची. १९१७ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ ब्लाँ’ नावाचे दारूगोळ्याचे मालवाहू जहाज पेटले. त्याच्यावरही लाल बावटा नव्हता. आग बघायला लोक घराच्या खिडकीशी उभे राहिले आणि स्फोटात काचा फुटून हजारो जणांच्या डोळ्यांना इजा झाली. कितीतरी लोकांचे डोळे काढावे लागले. म्हणून आग दिसली की खिडकीपासून लांब व्हा. मोबाईलवर चित्रण करत पुढे जाणे तर नकोच. डोळ्यात तुकडा रुतला असेल तर तो उपसू नये, डोळा चोळू नये. वरून कागदी पेल्यासारखे काही अलगद झाकावे आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

तिसरी इजा माणूस स्वतः फेकला जाऊन आपटल्याची. यात डोके, मान आणि हाडे सापडतात. चौथीत बाकीचे सगळे, म्हणजे भाजणे, धूर, ढिगाऱ्याखाली चेंगरणे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. माणूस झोपाळल्यासारखा होतो आणि बेशुद्ध पडतो. आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळले असतील, थुंकीत काजळी दिसत असेल, तर श्वासनलिका आतून भाजली आहे असे समजून ताबडतोब रुग्णालय गाठावे. काही वेळात घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो.

१९४४ मध्ये पेनिसिलिन अजून सर्वसामान्य नागरिकांपर्यंत आले नव्हते. भाजलेल्या जखमेत जंतू शिरले तर ते रोखण्याची साधने फार थोडी होती. आज औषधे आहेत, तज्ज्ञ आहेत. तरी पहिली वीस मिनिटे अजूनही घरच्यांच्याच हातात असतात. भाजलेल्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. अंगठी, बांगड्या, कडे लगेच काढा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने झाका आणि निघा.

चौकशीत काय निघाले

घटनेची सरकारी चौकशी झाली. आगीचे मूळ कापसाच्या गाठींत असावे, असा निष्कर्ष निघाला. घातपाताच्या अफवा होत्या, पण कारण साधेच असण्याची शक्यता जास्त मानली गेली : कुणाची तरी पेटती विडी किंवा सिगारेट. चौकशीने ज्या चुका दाखवल्या त्या अशा. दारूगोळ्याखाली कापूस ठेवला. लाल बावटा लावला नाही. स्फोटके उतरवायला उशीर केला. वाफेचा उपाय वापरला नाही. अग्निशमन दलाला वर्दी द्यायला वेळ लावला.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यांतली कोणतीही एक चूक टळली असती तर कदाचित शहर वाचले असते. यातली एकही चूक कुणी मुद्दाम, वाईट हेतूने केलेली दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणाले असणार, एवढ्याने काय होते. अपघात बहुधा असेच होतात. एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांची भोके एका ओळीत आली की पाणी थेट खाली जाते, तसे.

दुसरे जहाज, आणि अंधारात ठेवलेले डॉक्टर

मुंबईच्या स्फोटाआधी साडेचार महिने, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तिथे ‘जॉन हार्वे’ नावाचे अमेरिकन मालवाहू जहाज होते. त्याच्या पोटात मस्टर्ड वायूचे सुमारे दोन हजार बॉम्ब होते आणि ही गोष्ट अतिगुप्त होती. जहाज उडाले, त्यावरची माहीतगार माणसे त्याच्याबरोबर गेली आणि ते विष पाण्यावरच्या तेलात मिसळले.

तेलाने माखलेले खलाशी रुग्णालयात आले. डॉक्टर आणि परिचारिकांना वाटले, ही माणसे थंडीने आणि धक्क्याने गारठली आहेत. म्हणून त्यांना ओल्या कपड्यांवरच ब्लँकेटे गुंडाळली. खरे तर कपडे काढून अंग धुणे एवढाच उपचार सर्वांत आधी हवा होता. काही तासांनी डोळे सुजू लागले, अंगावर फोड आले. मस्टर्डने बाधित झालेले सहाशेहून अधिक रुग्ण दाखल होते, त्यांपैकी ८३ दगावले. लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट अलेक्झांडर या अमेरिकन डॉक्टरने बंदराच्या नकाशावर रुग्णांच्या जागा मांडल्या आणि त्यावरून विष कुठून आले ते शोधून काढले. रुग्णांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्याचेही त्याने नोंदवले. या वर्गातली रसायने रक्ताच्या कर्करोगावर वापरता येतील का, याचे प्रयोग अमेरिकेत त्याआधी सुरू झालेच होते. बारीच्या नोंदींनी त्या विचाराला बळ मिळाले आणि केमोथेरपीच्या सुरुवातीच्या इतिहासात या नोंदींना जागा मिळाली.

पण त्या ८३ जणांच्या बाजूने बघा. त्यांच्यावर उपचार करणारी माणसे हुशार होती, कष्ट घेत होती. त्यांना फक्त एक वाक्य कुणी सांगितले नव्हते.

हे आपल्यापर्यंत कसे येते

आज धोकादायक मालाचे वर्ग ठरलेले आहेत. कोणता माल कशापासून किती लांब ठेवायचा याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. लाल बावट्याचे काम आता रस्त्यावरही दिसते. पुणे-बंगळूर महामार्गावर टँकरच्या मागे चौकोनी पाटी आणि तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. असा टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊ नका, सांडलेले गोळा करायला तर मुळीच नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला लांब सरका आणि १०१ किंवा ११२ वर फोन करून, लांबूनच दिसत असेल तर, तो चार आकडी क्रमांक सांगा. तुमच्या त्या एका वाक्याने येणाऱ्या जवानांचा जीव वाचू शकतो. घरी, दुकानात किंवा कारखान्यात आग लागली तरी आत काय आहे ते पहिल्याच फोनवर सांगा. गॅसच्या टाक्या किती, थिनर आहे का, फटाके आहेत का, आत कुणी माणूस आहे का.

आणि हीच गोष्ट दवाखान्यात. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा आम्हाला फक्त धूर दिसतो. आतल्या मालाची यादी तुमच्याकडे असते. शेतात औषध फवारताना कुणाला विषबाधा झाली, किंवा कुणी ते प्यायले, तर बाटली किंवा तिच्यावरचे लेबल बरोबर आणा. ‘पिकावरचे औषध’ एवढ्याने भागत नाही. एका प्रकारच्या विषाला जे उतारा म्हणून चालते ते दुसऱ्याला चालत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी, शस्त्रक्रियेआधी सांगा, पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. मधुमेहाची गोळी, झाडपाल्याचे औषध, भस्म, गुडघेदुखीसाठी कुणी दिलेली पुडी, दारू, सगळे सांगा. पुडीत स्टेरॉइड असेल आणि ते अचानक बंद झाले, तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. मी तर म्हणेन, जो डॉक्टर खरे सांगितल्यावर रागावतो त्याला हा लेख वाचायला द्या.

एक कागद करा. चालू औषधांची नावे, जुने आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्तगट आणि घरच्यांचा फोन क्रमांक. तो पाकिटात ठेवा आणि एक प्रत घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. ‘फोर्ट स्टिकिन’च्या मालाचीही यादी होती, पण जळत्या कप्प्यावर पाणी मारणाऱ्या जवानांपैकी किती जणांनी ती वाचली असेल? तुमचा कागद कपाटाच्या खणात राहू देऊ नका.